कप्पल रावांच्या कंपनीचा इतिहास

"आधीं झोपाळा, मग समुद्र!" असं म्हणून ते झोपाळ्याची कडी धरून उभे राहायचे, आणि रंगूनला निघालेला माणूस मुकाट्याने फळीवर चढून बसायचा.

सगळं कुंभकोणम् त्यांना कप्पल राव म्हणायचं. कप्पल म्हणजे जहाज. खरं नाव होतं, पण ते पोस्टमनलासुद्धा आठवत नसे, मग मी कशाला सांगू? नागपट्टणहून रंगूनला बोटी सोडणाऱ्या एका कंपनीचे ते आमच्या गावातले एजंट. मी देवी टोचणारा सरकारी नोकर. टोचल्याचा दाखला नसेल तर बोटीवर चढू देत नसत, म्हणून दर मंगळवारी मी माझी पेटी घेऊन त्यांच्या ओसरीवर बसायचो. राव मला डाक्तर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, पण कुणी म्हणत असेल तर आपण होऊन कोण नाही म्हणतो?

आम्हा दोघांचेही पूर्वज मराठे राजांच्या मागोमाग इकडे आलेले. रस्त्यावर तमिळ आणि उंबरठ्याच्या आत आमची जुनी मराठी. रावांना कीर्तनाचं भारी वेड, आणि ते वेड त्यांनी कंपनीच्या कामात आणलं होतं.

तिकीट मागायला आलेल्या माणसाला ते आधी चार इडल्या आणि पेलाभर कॉफी द्यायचे. मग त्याला झोपाळ्यावर बसवायचे आणि झोके देता देता कंपनीचा इतिहास सांगायचे. पूर्वरंगात शिडाची जहाजं, उत्तररंगात वाफेची. "दोघे भाऊ होते, स्कॉटलंडांतले. खिशांत कांहीं नाहीं, पण हिंमत कशी? तर अशी!" या 'अशी'ला झोका असा जायचा की माणसाचे पाय तुळईला लागायचे. इतिहास संपेपर्यंत ज्याच्या पोटातलं पोटात राहिलं त्याला तिकीट. बाकीच्यांनी घरची वाट धरायची.

पापनाशम्‌चा एक भाताचा व्यापारी पहिली आगबोट येईपर्यंत टिकला. तिच्यावर कप्तान नेमायच्या आत त्याने माझ्या पेटीशेजारीच इडल्या परत केल्या. मी असा भडकलो म्हणता! राव मात्र लगबगीने लिंबू घेऊन आले. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "बरें झालें. येथेंच झालें. जा, घरीं जाऊन निवांत नीज." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की जणू त्यांच्याच घरी मुलगा झाला होता. तिकीट गेलं त्याचं या माणसाला काहीच वाटत नाही, हे मला कोडंच होतं.

कुंभकोणम्‌हून इतके कमी उतारू का येतात हे बघायला एकदा नागपट्टणचा गोरा साहेब आला. रावांनी त्यालाही फळीवर बसवलं. साहेब बिचारा शेवटपर्यंत बसला, उतरून खांब धरला आणि म्हणाला की कंपनी काढणारा माणूस एकटा होता, भाऊबिऊ त्याला कुणी नव्हता. राव म्हणाले, "असेल साहेब. पण एकटाच असला तर कथेंत बोलणार कुणाशीं?" साहेबाने यावर काय शेरा मारला देव जाणे. एजन्सी मात्र राहिली.

तो इतिहास मी इतक्यांदा ऐकला की झोपेतही म्हणून दाखवला असता. एका ठिकाणी मात्र तो लंगडायचा. दुसऱ्या आगबोटीचं वर्णन ऐन रंगात यायचं, तिचं धुरांडं काय, तिचा भोंगा काय, आणि मग राव एकदम म्हणायचे, "पुढें कंपनीनें नवी बोट आणली." जुनीचं काय झालं असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "कॉफी निवते आहे." मला वाटायचं, विसरत असतील. मी तरी कुठला शहाणा!

रावांना एकच मुलगी, येसू. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. येसूचं लग्न झालं, नवरा रंगूनला भाताच्या गिरणीत कारकून. तिथे बिऱ्हाडाला जागा मिळाली तसं त्याने लिहिलं, आता पाठवून द्या. येसूने ट्रंक भरली. मी तिला टोचलं, दाखला दिला. आणि राव म्हणाले, "आधीं झोपाळा."

अहो, ती पोर त्याच झोपाळ्यावर वाढलेली. सहा इडल्या खाऊन बसली, झोके घेत दोन गजरे गुंफले, इतिहास संपला तरी उतरायचं नाव नाही. राव म्हणाले, "नापास. डोळे पिवळे दिसतात." पुढच्या मंगळवारी जांभई दिली म्हणून नापास. त्याच्या पुढच्या मंगळवारी जांभई दिली नाही म्हणून! "भ्याली आहे ती, म्हणून जांभई आली नाहीं." असे किती मंगळवार गेले. जावयाची पत्रं आधी आर्जवाची यायची, मग तुटक येऊ लागली. शेवटी त्याने लिहिलं, यायचंच नसेल तर तसं स्पष्ट कळवा, मी माझं बघतो.

ते पत्र आलं त्या दिवशी राव मला कोपऱ्यात घेऊन गेले. "डाक्तर, हिच्या देवी उठल्या नाहींत असें लिहून द्याल?"

माझं डोकंच फिरलं. "राव, लाज नाही वाटत? गावाला रंगून दाखवता आणि पोटच्या पोरीचा संसार मोडता?"

येसूने आतून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली आणि झोपाळ्यावर जाऊन बसली.

"अप्पा, झोका द्या. आणि आज गाळलेलें सांगा."

"काय गाळलें?"

"दुसरी आगबोट."

"कॉफी निवते..."

"कॉफी ह्या घरांत मी करतें. निवूं दे."

राव कडी धरून उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं, आणि त्यात कीर्तनाचा सूर अजिबात नव्हता. मी या गावी बदलून यायच्या आधी ती बोट वादळात बुडाली होती. तिच्यावर आमच्या भागातली अकरा माणसं होती आणि अकराही तिकिटं रावांच्या हातची. तिरुविडैमरुदूरचे नवराबायको, एक शाळामास्तर, दोघे सुतार. एकेकाचं नाव त्यांनी घेतलं, एकही चुकलं नाही. "त्यांना चढवून मी कांठावरून हात हालवला. मग घरीं आलों आणि पोटभर जेवलों, येसू. वर विडा खाल्ला."

झोपाळ्याची परीक्षा त्यानंतर सुरू झाली होती. लिंबू देताना हा माणूस एवढा खूश का असायचा ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं शेजारी बसून मी काय माशा मारत होतो?

येसूचे डोळे भरले होते, पण ती उतरली नाही. "ऐकलें," ती म्हणाली. "सगळें ऐकलें आणि तरी बसलें आहें. आतां तिकीट लिहा."

रावांनी लिहिलं. दौत मी धरली.

नागपट्टणला बोट लांब खोल पाण्यात उभी राहते, माणसांना होडीतून न्यावं लागतं. मीही गेलो होतो. कशाला गेलो ते विचारू नका. रावांनी धोतर खोचलं, वहाणा काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "धरा डाक्तर, हिला बसवून आलोंच."

बोटीचा भोंगा वाजला. होडी परत आली तेव्हा तिच्यात नावाडी एकटाच.

"राव कुठे आहेत?" मी ओरडलो.

"उतरत नाहीत!" नावाडी हसून हसून वाकडा झाला होता. "कप्तानाशी भांडतायत. म्हणतात, कंपनीच्या माणसाला तिकीट कसलं मागतोस? मागे एकदा काठावर उभा राहिलो तेवढं पुरे."

महिन्याभराने येसूचं पत्र आलं. तिला काही झालं नाही, राव मात्र भोंगा वाजल्यापासून रंगून येईपर्यंत आडवे होते. ते परतलेच नाहीत. नातवंडांत रमले आणि तिकडेच वारले. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी मी नुसता वाळूत उभा होतो, धूर दिसेनासा होईपर्यंत, दोन हातांत दुसऱ्याच्या दोन वहाणा धरून, आणि खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडत होतो. शेजारी मासे वाळत घालणारी एक म्हातारी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "एवढं काय रडायचं? घालून बघा, बसतील तुम्हाला."