क्रँक नसलेलं इंजिन

आमच्या डेन्झिल कोगरनं हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला सोमवार जन्मात एकदाच चुकवला, आणि तोही असल्या कामासाठी! वेस्ट व्हर्जिनियात त्या दिवशी शाळासुद्धा बंद असतात. पण आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर प्रॅलबाई बाहेरच्या राज्यातून आलेल्या, त्यांना त्याचं काय! पैसे देणाऱ्या पाहुण्यांसमोरची चाचणी त्यांनी नेमकी त्याच दिवशी ठेवली. इंजिन तासभर न थांबता चाललं तर प्रयोगशाळा राहणार, नाहीतर कुलूप.

डेन्झिल खाणीतला जुना मेकॅनिक. अकरा वर्षं या इंजिनापायी त्यानं केस पिकवले, शेजारच्या टेबलावरून मी बघतेय ना. साध्या गाडीत एखादा स्फोट कमी पडला तरी क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, त्याला ओढून नेतो. इथं क्रँकच नाही. पिस्टन मोकळा, चुंबकासकट तारेच्या वेटोळ्यातून पुढेमागे पळतो आणि वीज होते. एक ठोका हुकला की मेला जागीच थांबतो. कधी वीस मिनिटांनी, कधी चारच मिनिटांत. वैताग नुसता!

तोडगा शेवटी डेन्झिलनंच काढला. ठोका हुकला की झालेल्या विजेतलीच थोडी परत देऊन पिस्टनला ढकलायचं. त्यासाठी वीज सतत राखून ठेवावी लागायची, म्हणून इंधनातल्या ऊर्जेपैकी बत्तीस टक्क्यांऐवजी एकोणतीसच टक्के वीज म्हणून हाती यायचे. बाईंना ते सलायचं. अहवालात बत्तीस लिहून बसल्या होत्या.

सोमवारी डेन्झिल शिकारीची नारिंगी टोपी घालूनच आला, खिशात पेपरोनी रोल, म्हणजे सॉसेज भरलेला पाव. नेहमीसारखा इंजिनाच्या चौकटीवर तळहात ठेवून उभा राहिला. चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. तेवढ्यात एका पाहुण्यानं विचारलं, एकोणतीसच का? झालं! बाई इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या पडद्याकडे वळल्या.

"सातच मिनिटं राहिलीत, बाई. हात लावू नका," डेन्झिल म्हणाला.

"मला कळतं, डेन्झिल."

त्यांनी ती राखीव वीज बंद केली. आकडा एकतीस झाला, बत्तीस झाला. पाहुणे माना डोलवायला लागले. मग एक ठोका हुकला, आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज उरला.

बाईंना धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला. पाहुणे कोट चढवायला लागले. परत सुरू करता येईल का, असं बाईंनी हळूच विचारलं. डेन्झिलचा तळहात अजून चौकटीवरच होता.

"येईल की," तो म्हणाला. "पण चाललं होतं हो, बाई. चाललं होतं."