तारेला टोचलेली गाणी

"सर, माझ्या मायची गाणी परत पाहिजेत."

दारात एक पोरगेलासा मास्तर उभा. किनवटहून नांदेड, नांदेडहून लातूर, असा एसटीत उभ्यानं आलेला. नाव सांगितलं, रामजी आत्राम. तिकडं जंगलातल्या एका आश्रमशाळेत शिकवतो. मला काही चेहरा ओळखीचा वाटला नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. माझा छापखाना म्हणजे एक ट्रेडल मशीन आणि टाईप जुळवणारे एक इस्माईलभाई. पण आमची छाती फुगली होती. नवा जिल्हा झाला, मग आपल्या मुलखाचं पुस्तक नको? 'आपली ओळख, आपली संस्कृती' असं पत्रक काढलं आणि नांदेड-लातूरभर वाटलं. साहित्य द्या, कागदाच्या एकाच बाजूला लिहा, नापसंत झाल्यास परत करू. एकाच बाजूला अशासाठी, की टाईप जुळवताना पान उलटावं लागू नये.

लेख आले. वकिलांचे, प्राध्यापकांचे. एकट्या औशाच्या किल्ल्यावर चार. ते मी घेतले. दारातल्या या मास्तरची गाणी गोंडीत होती. मला एक ओळ कळली नाही म्हणून नापसंत. दुसरं कारण काहीच नव्हतं.

त्यात दुष्काळ. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, पत्रिकांची कामं गेली. पुस्तकापुरता कागद बाजूला ठेवला आणि बाकी काटकसर सुरू केली. प्रूफ म्हणजे चुका शोधायला काढलेला कच्चा छाप. तो कशावरही निघतो. नापसंत लेखांची मागची बाजू कोरीच होती, आमच्याच नियमामुळं. मीच इस्माईलभाईंना म्हणालो, "हे घ्या की, नाहीतरी रद्दीच हाय." तपासून झालेलं प्रूफ भिंतीवरच्या तारेला टोचायचं, आणि तार भरली की त्याच कागदांनी मशीनच्या रुळाची शाई पुसायची, असा आमचा रिवाज.

हे सगळं मला त्याच्याकडं बघता बघता आठवलं. आणि मी काय केलं? खोटं बोललो.

"मास्तर, असं काही आमच्याकडं आलंच नाही बघा. पोस्टात गहाळ झालं असंल."

तो गोंधळला. "पोस्टानं न्हाई पाठवलं सर. मीच आलो होतो. तुमच्या हातात दिलं. तुम्ही मला तांब्याभर पाणी दिलं होतं, टँकर आला नव्हता तरी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी दिलेलं माझ्या लक्षात नव्हतं, ते त्यानं लक्षात ठेवलं होतं.

इस्माईलभाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. उठले, तार उतरवली, एकेक कागद सोडवून, उलटा करून टेबलावर मांडला. अकरा गाण्यांची अकरा पानं होती. सहा निघाली.

"बाकीची?" रामजीनं विचारलं.

"शाई पुसायला गेली." तेवढं एक मी खरं बोललो. वर आणखी विचारलं, "तुमच्याकडं प्रत असंल की?"

"न्हाई सर. माय गायची तशी लिहून घेतली होती. आता तिला लकवा मारलाय, तोंडातून शब्द निघत न्हाई. पुढच्या आठवड्यात बहिणीचं लगीन हाय. पोरीच्या लग्नात मायनंच म्हणायची गाणी हायत ती. मावशी म्हणली, कागद आण, तू वाचून सांग, मी गाते."

मला वाटलं, यानं आता शिव्या द्याव्यात. लई बरं वाटलं असतं. तो मात्र तारेनं पडलेली भोकं बोटानं दाबून सारखी करत बसला. मग एक पान उलटलं. त्या बाजूला माझ्याच प्रस्तावनेचं प्रूफ होतं. आपल्या मुलखाचा एकही सूर हरवू नये म्हणून हा खटाटोप, असं काहीतरी मी झोकात लिहिलं होतं. त्यानं सावकाश वाचलं.

"चांगलं लिहिलंय सर," म्हणाला. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर सोसला असता.

"ही सहा छापतो," मी घाईनं म्हणालो. "अगदी पुस्तकाच्या सुरुवातीला."

"नको सर. आता कुणाच्या हातात द्यायची भीती वाटून राहिली."

इस्माईलभाई त्याला स्टँडवर सोडायला गेले. मला 'चला' म्हणाले नाहीत, आणि माझीही उठायची छाती झाली नाही.

पंधरा दिवसांनी त्याचं कार्ड आलं. ते इस्माईलभाईंच्या नावानं होतं, त्यांनी मला वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं, लगीन झालं. मावशीनं सहा गाणी म्हटली. मग बाया गप बसून राहिल्या. मायनं धड राहिलेला हात वर केला आणि पाच बोटं दाखवली, पुन्हा पुन्हा दाखवली. तिला वाटलं, मीच हरवली. मी सरांचं नाव सांगितलं न्हाई.

पुस्तक निघालं. सत्कारही झाला, नारळ घेतला मी. पण तेव्हापासून हस्तलिखित घेऊन कुणीही आलं की पहिलं विचारतो, घरी प्रत ठेवलीत का? नसेल तर आधी नक्कल करून आणायला परत पाठवतो. लोक म्हणतात, मालकांना लेखकांची लई काळजी. मी मान खाली घालून प्रूफ तपासतो.