शाईच्या गोळ्या

जगात आजवर जेवढे कादंबरीकार होऊन गेले असतील, त्यांत आमच्या शिरूरच्या मास्तरांइतका प्रामाणिक एकही झाला नसेल. आणि नेमकी म्हणूनच त्यांची कादंबरी कधी छापली गेली नाही. आमच्यासारखे लोक खुर्चीत बसून नायकाला खुशाल पुरात लोटतात. मास्तर आधी स्वतः पाण्यात उतरत. करून पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही असा त्यांचा नेम होता, आणि नेम म्हणजे नेम! मिशनच्या शाळेत ते मराठी शिकवीत, मी भूगोल. वयानं ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. पण माझी एक कादंबरी पुण्यात छापून आली होती, म्हणून ते मला 'लेखक' म्हणत आणि मी तो मान बिनदिक्कत घेत असे. त्या कादंबरीत मी तिघांना मारलं होतं. तिघांपैकी एकाचंही मरण मी पाहिलेलं नाही हे कळलं, तेव्हा मास्तर माझ्याकडे इतक्या काळजीनं बघत राहिले, की मला ताप आलाय की काय असं मलाच वाटलं.

त्यांचा नायक डोक्यावर ज्वारी घेऊन घोडनदी उतरतो असा एक प्रसंग होता. झालं! भर बाजाराच्या दिवशी मास्तर अर्धं पोतं ज्वारी डोक्यावर घेऊन नदीत शिरले. काठावरून लोक ओरडताहेत, "आवं मास्तर, पूल हाय की तिकडं!" मास्तर छातीभर पाण्यातून उलट ओरडले, "माझ्या नायकाच्या येळेला पूल न्हाई!" ती भिजलेली ज्वारी पुढं चार दिवस त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, अंगणात वाळवीत बसल्या होत्या. आणि एवढं करून वहीत वाक्य काय उतरलं, तर 'मग तो नदी उतरून गेला.' मी म्हटलं, "एवढंच?" तर म्हणाले, "एवढंच. पाण्यात दुसरं काई सुचत न्हाई, लेखक. पाऊल कुठं ठेवायचं, एवढंच सुचतं." तेव्हा मी हसलो होतो. पुढं तीस वर्षं लिहिल्यावर असं एक वाक्य मला जमलं असेल-नसेल.

एकदा ऐन दुपारी माझ्या ओट्यावरचा तांब्या नाहीसा झाला. पाच मिनिटांत मास्तर तो दोन्ही हातांत धरून परत आले. चेहऱ्याला दरदरून घाम. "चोरी माझ्यानं निभत न्हाई," म्हणाले, "पण छातीत कसं होतं ते कळालं." मी विचारलं, "आणि कादंबरीतल्या चोराचं काय?" "त्याला पाच मिन्टांचाच चोर करतो." रविवारी चर्चमधल्या उपासनेत सगळे डोळे मिटून प्रार्थना करीत, तेव्हा मास्तर एक डोळा किलकिला ठेवून बाकीच्यांचे चेहरे न्याहाळीत. पाळकसाहेबांनी हटकलं, तर म्हणाले, "देव मिटल्या डोळ्यांनी दिसतो साहेब, माणसं दिसत न्हाईत." पात्रांची नावं मात्र ते सरळ हजेरीपटावरून उचलत, त्यामुळे त्यांच्या कादंबरीतली माणसं हजेरी घेतल्यासारखी ओळीनं येत आणि गैरहजर कुणीच नसे.

अशी सात वर्षं गेली. उरलं शेवटचं प्रकरण. पुण्याच्या एका प्रकाशकानं कळवलं होतं, की दिवाळीच्या आत शेवट पाठवा, पुस्तक काढतो. शेवटी नायकाची बायको मरते असं ठरलेलं. ठरवलं होतं मीच! त्या काळी शेवटी कुणी मेल्याशिवाय कादंबरी झाली असं आम्हाला वाटत नसे. पण मास्तरांचं घोडं तिथंच अडलं. बायको मेल्यावर घर कसं होतं, ते त्यांना कुठून ठाऊक असणार? महिनाभर ते कोऱ्या कागदासमोर नुसते बसून राहिले.

तोड काढली वहिनींनी. दौंडच्या, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या रेल्वे फायरमनची लेक ती. अडून बसणं त्यांना माहीत नव्हतं. माझ्यासमोर म्हणाल्या, "आसं करा. मी आठ दिस दौंडाला माह्यारी जाती. तुम्ही समजा, मी मेली."

"पत्र धाडशील ना पोचल्याचं?" मास्तरांनी विचारलं.

"मेलेलं माणूस कवा पत्र लिवतं का?"

आणि गेल्या! जाताना आठ दिवस पुरेल एवढी शेंगदाण्याची चटणी मात्र करून ठेवली, कारण मेलं तरी नवरा उपाशी राहून कसं चालेल? पहिल्या दिवशी मास्तरांनी 'घरात शांतता होती' असं लिहिलं आणि खोडलं, कारण शेजारी कुणीतरी मिरच्या कांडत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. हातात रिकामी दौत, चेहरा पांढराफटक.

"लेखक, शाई संपली. शाईच्या गोळ्या कुठं ठेवल्यात, ते तिलाच म्हाईत."

"मग?"

"मग आता मी कुणाला इचारू?"

मी आनंदानं टुणकन उडालो. "अहो मास्तर, हेच! हेच लिहा!"

"कशानं लिहू?" म्हणाले, आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले. मी दुकानातून गोळ्या आणून पाण्यात विरघळवून देतो म्हणालो, ते त्यांना ऐकूही गेलं नाही. दुपारची एसटी निघून गेली होती. मास्तरांनी सायकल काढली आणि ऊन डोक्यावर घेत, भीमा ओलांडून, दिवेलागणीला दौंड गाठलं. वहिनी पुढं ते सांगताना हसून हसून पदर तोंडाला लावीत. धुळीनं माखलेले मास्तर सासऱ्यांच्या दारात उभे, पाणीसुद्धा घेतलं नाही, पहिलं वाक्य काय, तर "शाईच्या गोळ्या कुठं हायत?"

"मिठाच्या बरणीमागं! कितींदा सांगायचं!" वहिनी फिस्कारल्या, आणि मग पायावर पाणी घालायला धावल्या.

शेवटचं प्रकरण मास्तरांनी आठवड्यात लिहिलं. त्यात नायकाची बायको माहेराहून परत येते, बस्स. मी चिडलो, भांडलो. प्रकाशकानं 'शेवट कच्चा आहे' असा शेरा मारून वही परत पाठवली. मास्तरांनी ती फडक्यात बांधून कपाटात ठेवली आणि संध्याकाळी दोघं नवराबायको मजेत घोडनदीवर फिरायला गेली. सात वर्षांचं पुस्तक बुडालं, पण त्या माणसाच्या तोंडावर मी कधी हळहळ पाहिली नाही.

दहाएक वर्षांनी मास्तर गेले. मी तेव्हा पुण्यात होतो, चार दिवस उशिरा पोचलो. वहिनी स्वयंपाकघरात बसल्या होत्या, फडक्यातली वही मांडीवर.

"भाऊजी," म्हणाल्या, "त्या परकरणात काय लिवायचं, ते आता मला ठावं हाय. शाईच्या गोळ्याबी हायत. पर कुठं हायत म्हणून आता कुणी इचारत न्हाई."

पाच कादंबऱ्यांत मी अकरा माणसं मारली होती. पण त्यांतलं एकही वाक्य त्या घरात उपयोगाचं नव्हतं. मला फार रडू येत होतं. मग विचारलं, "वहिनी, शाईच्या गोळ्या कुठं ठेवल्यात हो?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहून फिस्कारल्या, "मिठाच्या बरणीमागं! कितींदा सांगायचं!"