पाचांची मोट

ताईंना रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागून सव्वीस वर्षं झाली होती आणि त्यातली पंचवीस वर्षं त्यांची कुणी साधी विचारपूस केली नव्हती. तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागे, खिडकी नसलेल्या दोन खोल्या. तिथे रक्त, लघवी आणि थुंकी यांच्या संगतीत त्यांचं आयुष्य सुखात चाललं होतं. मग साथ आली आणि ताई एकदम महत्त्वाच्या झाल्या. महत्त्व आलं, सामान मात्र आलं नाही.

आधी टिप्स संपल्या. टिप म्हणजे थेंबभर द्रव उचलायची प्लास्टिकची बारीक नळी, एका नमुन्याला वापरली की फेकायची. ताईंनी दहा हजार मागवल्या. तीन आठवड्यांनी टिप्स ठेवायचे शंभर डबे आले. आत एकही टिप नव्हती. स्टोअरकीपरने डबे मोजले, शंभर भरले, सही ठोकली. पुढची मागणी नामंजूर झाली, कारण कागदोपत्री टिप्स पोचल्या होत्या.

मग हातमोजे गेले, घसा पुसायच्या काड्या गेल्या, चाचणीचं रसायन तळाला लागलं. साहेबांनी, म्हणजे रुग्णालयाच्या अधीक्षकांनी, यावर तातडीने उपाय केला. त्यांनी परिपत्रक काढलं की ‘टंचाई’ हा शब्द कुणी वापरू नये, त्याने घबराट पसरते. ‘पुरवठ्याची प्रतीक्षा’ असं म्हणावं. त्याच्या चाळीस प्रती निघाल्या. कागदाची काही प्रतीक्षा नव्हती.

ताईंनी परिपत्रक भिंतीला चिकटवलं आणि पदर खोचला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात; ताई खरोखरच जनावरांच्या दवाखान्यात गेल्या आणि तिथल्या प्रयोगशाळेतून टिप्स मागून आणल्या. बदल्यात त्यांनी रिकामे डबे दिले. त्या लोकांकडे टिप्स सुट्या पिशव्यांत येऊन पडल्या होत्या आणि डब्यांसाठी ते सहा महिने अर्ज करत होते.

रसायन पुरवायला मात्र मोट बांधावी लागली. पाच जणांच्या नमुन्यांचा एकेक थेंब एकाच नळीत घालायचा आणि पाचांची मिळून एक चाचणी करायची. ती चांगली आली तर पाचही सुटले. वाईट आली तर प्रत्येकाची वेगळी चाचणी, म्हणजे पाचांच्या जागी सहा चाचण्या गेल्या. म्हणून मोटेत कुणाला कुणाबरोबर बांधायचं, ही सगळी अक्कल ताईंची होती. साहेबांची त्यात एकच सूचना होती, अधिकाऱ्यांचे नमुने सफाई कामगारांच्या मोटेत घालू नयेत.

एका मंगळवारी रसायन तीन चाचण्यांपुरतं उरलं. त्यातल्या दोन तर मशीन खरं बोलतंय का हे तपासण्यातच जायच्या. राहिली एक. नवा माल चार दिवसांनी येणार होता. ती एक चाचणी ताईंनी डायलिसिसच्या पाच रुग्णांच्या मोटेसाठी राखली होती, कारण रिपोर्टशिवाय डायलिसिसवाले कुणाला दारात उभं करत नव्हते.

त्या पाचांत ताईंचा धाकटा भाऊ होता. त्याची एक पाळी आधीच चुकली होती. पाय सुजून खांब झाले होते आणि आडवा पडला की धाप लागायची. दुसरी पाळी चुकली तर काय होईल, हे ताईंना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्या सकाळपासून त्यांना पाण्याचा घोटसुद्धा उतरला नव्हता.

अकरा वाजता साहेब स्वतः जिना उतरून खाली आले. सहा वर्षांत ते पहिल्यांदाच आले होते, त्यामुळे आधी एक्स-रेत शिरले.

“ताई, माझी चाचणी करा. आत्ता.”

आदल्या दिवशी ते वरच्या कार्यालयात बैठकीला गेले होते. विषय होता सुरक्षित अंतर. बंद खोलीत तीन तास अठरा जण खुर्चीला खुर्ची लावून बसले आणि संध्याकाळी अध्यक्षांनाच ताप भरला. साहेबांच्या बायकोने साहेबांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. रिपोर्ट आणा, मग घरात या.

“एकच चाचणी उरलीय, साहेब,” ताई म्हणाल्या. “ती डायलिसिसच्या पाच जणांची.”

“मग मला त्यांच्यात घाला.” गरजवंताला अक्कल नसते, तसा हुद्दाही नसतो.

“मोट पाचांची असते, साहेब. सहावा घातला की नमुने पातळ होतात. रिपोर्टवर भरवसा राहत नाही.”

हे पुस्तकात लिहिलेलं होतं. गेल्या गुरुवारी ताईंनी सहाची मोट बांधली होती, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. शेजारची तंत्रज्ञ एकदम फरशीचं डिझाइन बघू लागली.

“मग त्यातलं एक कुणीतरी काढा,” साहेब म्हणाले.

ताईंनी पाच नळ्यांचा स्टँड उचलून त्यांच्यापुढे ठेवला. “तुम्हीच काढा.”

नळ्यांवर नुसते आकडे होते. साहेबांनी जन्मभर दुसऱ्याने बोट ठेवलं तिथे सही केली होती. इथे बोट ठेवायला कुणी नव्हतं. त्यांचा हात पुढे आला, स्टँडवरून फिरला. तीन नंबरची नळी भावाची होती. हात तिच्यावर घुटमळला. मग हात खिशात गेला.

“मी तुमची बदली करू शकतो, कळलं?”

“करा ना. मशीन चालवायला कोण येतंय तेवढं सांगा, चाव्या त्यांच्या हातात देते.”

साहेब जिना चढून गेले.

साडेतीनला पडद्यावर सपाट रेष आली, म्हणजे पाचही सुटले. सपाट रेष पाहून आनंद व्हावा अशी रुग्णालयात ती एकच जागा. ताई स्टुलावर बसल्या आणि मास्कच्या आत रडल्या.

शनिवारी माल आला. पहिला नमुना साहेबांचा लावला आणि तो स्वच्छ निघाला. म्हणजे त्यांना मोटेत घातलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. चार दिवस ते जुन्या फायलींच्या खोलीत सतरंजीवर झोपले होते. स्वतःहून विलगीकरणात राहून आदर्श घालून दिल्याबद्दल वरून त्यांचं कौतुक करणारं पत्र आलं. ताईंचंही कौतुक झालं, पत्राशिवाय. ताईंपुढे साहेब काय नि शिपाई काय, सगळे सारखे, असं स्टोअरकीपर ज्याला त्याला सांगत सुटला. ताई मान डोलवायच्या. खोटं कौतुक गिळायला फार जड नसतं, हे त्यांना या वयात कळलं.

पुढच्या आठवड्यात त्या भावाला भेटायला डायलिसिसच्या खोलीत गेल्या. तो मशीनला जोडलेला होता, चेहऱ्यावर तरतरी आली होती.

“तू त्यात नसतास, तर मी साहेबांना घातलं असतं,” ताई म्हणाल्या. “सहा तर सहा.”

“ते मला ठाऊक आहे,” भाऊ म्हणाला. “पण त्यांनी माझीच नळी उचलली असती तर?”

“त्यांना आकड्यातलं काय कळतंय. त्यांची पाठ वळली की तुझी परत ठेवली असती आणि चार नंबरची काढली असती.”

भावाने शेजारच्या पलंगाकडे मान वळवली.

“हळू बोल, ताई. चार नंबर इथेच झोपलीय.”

ताईंनी तिकडे पाहिलं. साठीची बाई होती. तिच्या पायांवरची सूज अजून उतरायची होती.