वीतभर जागेचा राजीनामा

साहूजींचा फोन आला की आमच्या घरात आधी घोटभर पाणी पितात, मग फोन उचलतात. ते माझ्या बहिणीचे भिलाईच्या रुआबांधा वस्तीतले शेजारी. तिथून नागपूरला मला फोन लावायचे ते फक्त भाऊजींची तक्रार करायला. "तुम्हारे जीजाजी ने फिर पानी इधर छोड़ दिया." "तुम्हारे जीजाजी की सेम की बेल हमारी छत पर चढ़ गई." त्या सकाळी त्यांचं नाव दिसलं तेव्हाही मी उत्तर तयार ठेवूनच फोन उचलला. पण ते म्हणाले, "भैया, गेट निकाल के रख दिया हूँ. गाड़ी अंदर तक आएगी न..." कसली गाडी, हे मी विचारलं नाही. ते गेट साहूजींनी आपल्या हातानं उतरवलं, म्हणजे आमचे वामनराव भाऊजी गेले, एवढं मला तिथंच समजलं.

हे गेट म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायलाच पाहिजे. पण त्याआधी हे सांगतो की तेरवी उरकली, पाहुणे पांगले, भाचा पुण्याला परतला, आणि गेट होतं तिथंच राहिलं. म्हणजे साहूजींच्या भिंतीला टेकून. ताई रोज सकाळी खिडकीतून पाहायची आणि मला फोनवर सांगायची, "मध्या, आजबी नाही बसवलं. मले भेव लागून राहिलं. तुझे भाऊजी होते तवपर्यंत तो दबून होता. आता भिंत घालते पाह्य." भाच्यानं बजावून ठेवलं होतं, पुन्हा भांडण उपटलं तर आई इथं एकटी राहणार नाही, घराला कुलूप लावून तिला पुण्याला नेईन. आणि ताईला पुण्याच्या सातव्या मजल्याचं नाव काढलं तरी धाप लागायची. तिथं अंगण कुठं? चार कुंड्या. म्हणून मी बॅग भरली आणि भिलाईला जाऊन बसलो. पहारा म्हणा हवं तर.

भाऊजी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या स्टोअरमध्ये होते. नाव वामनराव आणि उंची नावाला जागणारी. त्यांच्या स्टोअरात केसाएवढा फरक असला तरी माल परत जायचा. मात्र रविवारी हाच माणूस शेजारच्या दुर्ग शहराच्या जुन्या बाजारात शिरला की खिशात टेप ठेवत नसे. त्यामागं शास्त्र होतं. "अबे, टेप दिसला का दुकानदाराले समजते, गिऱ्हाईक फसलं. भाव चढला मंग!" त्यामुळे आम्ही दोघं त्या बाजारात कंटाळल्यासारखे चालायचो. आवडलेल्या वस्तूकडे पाठ करायची, नावडत्या वस्तूचा भाव विचारायचा, जांभई द्यायची. अशा जांभया देऊन देऊन भाऊजींनी पितळी कुलपं आणली, चावी हरवलेली घड्याळं आणली, एका राजाच्या हत्तीच्या गळ्यातली घंटाही आणली. हत्ती तेवढा स्कूटरवर मावला नाही, नाही तर तोही आला असता. ताई म्हणायची भंगार, ते म्हणायचे जुनं. या दोन शब्दांवर त्यांचा संसार उभा होता.

अशाच एका रविवारी त्यांना ते गेट दिसलं. ओतीव लोखंडाचं, वर मोराची जोडी. भाऊजींनी पाठ फिरवली आणि मला कळलं, गेलं हे आता घरी. जांभई देत त्यांनी दुकानदाराला विचारलं, "कितने हाथ का होगा?" दुकानदारानं हात लावून सांगितलं, पाच हात. भाऊजींचे डोळे चमकले. घरची फाटकाची जागा त्यांनी मोजून ठेवली होती, बरोबर पाच हात! फक्त ती मोजली होती वामनरावांच्या हातानं, आणि दुकानदार असा ताडमाड होता की बसल्या जागेवरून दुर्ग स्टेशनात गाडी आली की नाही ते पाहून सांगायचा. गेट टेम्पोत चढलं तेव्हा टेम्पोचं पुढचं चाक हवेत गेलं. आम्ही दोघं ड्रायव्हरच्या मांडीवर वजन देऊन बसलो, तेव्हा कुठं ते जमिनीला लागलं. घरी आणून लावून पाहतात तर गेट वीतभर मोठं.

दुसरा कोणी असता तर त्यानं गेट परत केलं असतं. भाऊजींनी खांब सरकवला. एका बाजूला ताईचा आंबा होता, त्याला धक्का लावण्याची कोणाची छाती नव्हती, म्हणून खांब दुसऱ्या बाजूला सरकला. खांबामागून तारेचं कुंपण सरकलं, आणि रस्त्यापासून मागच्या न्हाणीपर्यंत वीतभर रुंदीची पट्टी साहूजींकडून आमच्याकडे आली. साहूजी तेव्हा गावाला गेले होते. परत आले, उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हणाले, "नाम ही वामन है, जमीन तो नापेंगे ही! पर मैं राजा बलि नहीं हूँ." आणि गेले कोर्टात.

पुढची वर्षं वाईट गेली, हे हसत हसत सांगता येत नाही. दोन घरांतलं हळदीकुंकू बंद झालं, वाट्या फिरेनाशा झाल्या. दोघंही प्लांटात, दोघांची एकच पाळी, तरी सायकल स्टँडवर एकमेकांकडे पाठ. ताई अंगणात झाडू मारायची तीसुद्धा आवाज न करता. तारखेला दोघं एकाच बसनं दुर्गला जायचे, एक पुढच्या दारानं चढायचा, एक मागच्या. एका तारखेवरून भाऊजी घरी आले, कोर्टाची फाइल आपटली आणि म्हणाले, "वकील म्हणते, राजीनामा करून टाका. मी नाही करत जा!" आणि तसेच पाळीवर निघून गेले.

आता दुर्गच्या कोर्टात राजीनामा म्हणजे समझोता. पण आमची ताई वर्धेकडच्या खेड्यातून आलेली. तिच्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, दुसरा अर्थच नाही. तिला वाटलं, कोर्टानं नवऱ्याची नोकरी मागितली! भाचा तेव्हा शाळेत. ती पिठाच्या हातानं तशीच ते मोरांचं गेट उघडून साहूजींच्या ओसरीत जाऊन उभी राहिली. "भाभी, वीतभर जागेसाठी आमची नोकरी खाता का वं? लेकराले काय खाऊ घालू मी?" साहूभाभी घाबरून गेल्या. "का होगे दीदी? काबर रोवत हस?" रडता कशाला, असं त्या आपल्या छत्तीसगढीत विचारत होत्या. पाळीवर निघायच्या तयारीतले साहूजी आतून ऐकत होते. त्यांना मराठीतलं 'नोकरी' तेवढं समजलं. बाहेर आले तर चेहरा उतरलेला. "दीदी, हमने जमीन माँगी थी. रोजी किसी की नहीं माँगी. इतने गिरे हुए नहीं हैं." घोटाळा उलगडायला बराच वेळ लागला. उलगडला तेव्हा भाभी हसल्या, ताई हसली, साहूजी मात्र हसले नाहीत. पुढच्या तारखेला त्यांनी स्वतः होऊन राजीनामा केला. पट्टी दोघांची. रस्त्याकडच्या अर्ध्या भागाची निगा वामनरावांनी राखायची, न्हाणीकडच्या अर्ध्याची साहूजींनी. मध्ये खूण म्हणून एक वीट.

यानंतर दोघांची मैत्री झाली असं मी सांगितलं तर ती माझी आजवरची सगळ्यात मोठी थाप होईल. भांडण फक्त कोर्टातून अंगणात आलं. साहूजी आपल्या भागात लाल भाजी लावायचे, भाऊजी आपल्या भागात मोगरा. भाऊजी गवत वरवर खुडायचे आणि पलीकडून आरोळी यायची, "वामनराव, जड़ से! जड़ से!" भाऊजी मान वर न करता म्हणायचे, "आपल्या भागाचं पाहा जी!" साहूजींना मराठीतलं हे एक वाक्य तोंडपाठ झालं होतं.

तर मी पहाऱ्यावर होतो. एका सकाळी ताईनं मला दंड धरून खिडकीशी ओढलं. "पाह्य, पाह्य... माप घेऊन राहिला!" खरंच साहूजी पट्टीत वाकून टेप लावत होते. मग त्यांनी दोन खुंट्या ठोकल्या आणि आडवी दोरी ताणली. ताई कॉटवर बसली. "लाव पुण्याले फोन," एवढंच म्हणाली. मी फोन लावला नाही. चपला शोधत बसलो, म्हणजे तेवढाच वेळ जाईल. शेवटी बाहेर गेलो. तोंडात सगळे जुने कायदे घोळवत विचारलं, "क्या साहूजी, दीवार उठा रहे हैं?"

त्यांनी वाकूनच वर पाहिलं. "दीवार? ईंट कहीं दब गई घास में. बीच नाप रहा हूँ." दोरीच्या अलीकडे-पलीकडे मी आत्ता नीट पाहिलं. त्यांच्या भागात एक काडी नव्हती, ताट पुसावं तशी जमीन. भाऊजींच्या भागात गवत गुडघ्याएवढं, मोगरा त्यात बुडालेला. "हाथ लग जाता उधर, इसलिए रस्सी बाँधी."

"तो निकाल देते उधर का भी. अब जीजाजी तो..."

"कैसे निकाल दूँ? वो हिस्सा उनका है." साहूजी एकदम चिडले, अगदी जुन्या सुरात. "राजीनामे में मरने का कहाँ लिखा है?"

"और गेट?"

"निकाला था तो अकेले निकाल लिया, पता नहीं कैसे. चढ़ता अकेले से नहीं. उधर से कोई पकड़ने वाला चाहिए. रोज देखता हूँ, कोई आता ही नहीं."

मागं चाहूल लागली. ताई दारात उभी होती, सगळं ऐकून. मी आणि साहूजींनी गेट उचललं. वयानं त्याचं वजन दुप्पट झालंय, शपथेवर सांगतो. मोर जागेवर बसले. तोवर ताईनं आंब्याखालून भाऊजींची खुरपी आणली होती. दोरीच्या अलीकडे ती पदर खोचून बसली आणि गवत खुडायला लागली, वरवर, घाईघाईनं...

पलीकडून आरोळी आली, "दीदी, जड़ से! जड़ से!"

ताईची खुरपी थांबली. मान वर न करता ती म्हणाली, "आपल्या भागाचं पाहा जी!"