रजेचा जामीन

लाल समुद्राच्या या काठावर माणसांवर विश्वास ठेवायचं सगळं काम एकट्या मामूंनी अंगावर घेतलं आहे, अशी माझी पक्की समजूत आहे. आम्ही बाकीचे कपाटाला कुलूप लावून झोपतो. मामू म्हणजे जेद्दातल्या आमच्या कामगार कॅम्पातले सुतारांचे फोरमन, मूळचे दापोलीकडच्या खाडीवरचे, आणि नात्याने कुणाचेच मामा नसताना गेटवरच्या पठाणापासून खानावळीतल्या हैदराबादी आचाऱ्यापर्यंत सगळ्यांचे मामू. अंगाने रुंद, दाढी मेंदीने लालभडक, आणि आवाज असा की त्यांनी आमच्या साइटवर हुकूम सोडला की शेजारच्या साइटवरची माणसं घाबरून कामाला लागतात. मी स्टोअरमधला साधा कारकून, पण चष्मा लावतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. चष्मा असलेल्या माणसाने खोटं बोलू नये असा त्यांचा आग्रह आहे आणि त्यापायी मला बराच त्रास झालेला आहे.

आमच्या कंपनीची एक रीत आहे. रजेवर गावी जायचं तर मागे एक जामीन ठेवायचा. गेलेला माणूस वेळेवर परतला नाही, तर तो येईपर्यंत जामिनाची रजा बंद. त्यामुळे सख्खा भाऊसुद्धा भावाला जामीन राहताना आधी बायकोला फोन करून विचारतो. मामू मात्र मागेल त्याला जामीन राहतात, न मागेल त्यालाही राहतात. एकदा एका नेपाळी गवंड्यासाठी सही करून आले, तेव्हा मी त्या गवंड्याचं नाव विचारलं. "ते तो आल्यावर इचारू," मामू म्हणाले. त्यांची अट एकच. जाणाऱ्याने आपली अर्धवट वापरलेली काहीतरी वस्तू त्यांच्यापाशी ठेवून जायची. अर्धा साबण, लोणच्याची अर्धी बरणी, काहीही. "अर्धा साबन टाकून कोन पळतो, मास्तर?" असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या खाटेखालची ही ठेव बघून नवीन माणसाला वाटावं की मामूंनी वाण्याचं दुकान लुटलं आहे. एका शुक्रवारी माझा साबण संपला म्हणून मी त्यातला एक घेतला, तर जणू काही मी त्या गरीब माणसाचं परतीचं तिकीटच धुऊन टाकलं, अशा थाटात ते दोन्ही वेळच्या जेवणाला माझ्याशी बोलले नाहीत.

आणि त्या ग्रीक गोष्टीबद्दल तर विचारूच नका. शाळेत शिकलेली ती गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. एका मित्राला राजाने मरणाची शिक्षा दिली. घरच्यांना भेटून येतो म्हणून तो गेला, आणि त्याच्या जागी दुसरा मित्र जामीन राहिला. वेळ टळत आली, लोक हसायला लागले, आणि ऐन घटकेला पहिला मित्र धापा टाकत हजर झाला. राजाने दोघांनाही सोडून दिलं. मामू ऐकता ऐकता हळूहळू खाटेवर उठून बसले. त्यानंतर ही गोष्ट कॅम्पभर झाली, पण मामूंच्या पद्धतीने. राजाचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा इथला मालक, झाला, ग्रीस देश ताइफच्या घाटापलीकडे कुठेतरी गेला, आणि मित्राला उशीर झाला तो दाभोळच्या तरीवर गर्दी होती म्हणून. मी एकदा दुरुस्ती करायला गेलो, तर म्हणाले, "तू तिथं होतास काय?"

मग त्यांच्या गाववाल्या पेंटरची आई आजारी पडली. हा पेंटर म्हणजे मामूंचा लहानपणापासूनचा सोबती. दोघं एकाच होडीतून शाळेला जायचे आणि एकाच दिवशी शाळा सोडून घरी आले होते. मामू अर्थातच त्याला जामीन राहिले. आम्ही सगळ्यांनी त्यांना समजावलं, कारण या वेळी गोष्ट साधी नव्हती. पेंटर परतल्यावर लगेच मामूंनी गावी जायचं होतं. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा निकाह ठरला होता. ती जन्मली तेव्हा मामू इथेच होते, शाळेत गेली तेव्हा इथेच, दहावी झाली तेव्हाही इथेच. निकाहाला मात्र बापाने समोर बसायचं, असं त्यांनी बायकोला कबूल केलं होतं. बलदच्या जुन्या बाजारातून त्यांनी मुलीसाठी सोनेरी काठाची ओढणी आणली होती आणि ती रोज आम्हाला उलगडून दाखवत होते.

पेंटरची रजा संपली आणि पेंटर आला नाही. फोन केला तर बंद. कॅम्पात बोलणी सुरू झाली, की तो मस्कतला गेला, दुबईला गेला, आता कसला येतो. मामू कुणाशी वाद घालेनात, फक्त जेवताना शेजारची जागा मोकळी ठेवायचे. शेवटी मुदीरने, म्हणजे आमच्या इजिप्शियन मॅनेजरने, त्यांना बोलावलं. लिहिण्यावाचण्याच्या सोयीसाठी मी बरोबर होतो. मुदीर वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच मामूंना पाठवायचं होतं. "तुम लिखो, वो भाग गया. खलास. कल तुम्हारा टिकट," तो म्हणाला. तसं लिहून दिलं की जामीन सुटणार होता. पण पेंटरला या देशात पुन्हा पाऊल ठेवता आलं नसतं. मी मामूंच्या कानात म्हणालो, "मामू, मुलीचा निकाह आहे. लिहा." मामूंनी मुदीरकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "सांग त्याला, माझा सोबती पळालेला नाय. त्याला उशीर झालाय."

निकाह झाला. मामूंच्या थोरल्या भावाने निकाहाचा वकील म्हणून त्यांची जागा घेतली आणि मामू फोनच्या पडद्यावर हजर राहिले. वर इस्त्रीचा सदरा, अत्तर, टोपी आणि खाली लुंगी, कारण खालचं कुणाला दिसणार नव्हतं. ऐन "कुबूल है"च्या वेळी नेट गेलं. मग सगळा कॅम्प सिग्नल शोधत फोन उंच धरून अंगणात धावला, मागून लुंगी सावरत मामू. पाण्याच्या टाकीवर चढल्यावर चित्र आलं तेव्हा तिकडे खजूर वाटून झाले होते. आम्ही सगळे मोठमोठ्याने मुबारक मुबारक ओरडलो. मामूही ओरडले. त्यांच्या डोळ्यांकडे बघायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, परतीचा व्हिसा संपायच्या दिवशी, पेंटर आला. दाढी वाढलेली, हातात एकच पिशवी. फोन उचलला असता तर मामू निकाहाची आठवण करून देतील आणि मग आईजवळून निघावं लागेल, या भीतीने त्याने तो बंदच ठेवला होता. तो मामूंच्या पायांशी बसून रडायला लागला. आम्ही काहीजण त्याला चांगलं सुनावायला सरसावलो होतो.

"आई कशी हाय?" मामूंनी विचारलं.

"गेली."

"तू व्हतास ना जवळ?"

"व्हतो. माझ्या मांडीवरच गेली."

"मग झालं तर," मामू म्हणाले, आणि त्याला हाताला धरून जेवायला घेऊन गेले. मी तिथेच उभा राहिलो. माझा चष्मा धुरकट झाला होता.

मुदीर काही गोष्टीतल्या राजासारखा गहिवरला नाही. "यल्ला, चलो" म्हणून त्याने मामूंच्या रजेवर शिक्का मारला. मामू गावी गेले. अर्थात पेंटर त्यांना जामीन राहिला, आणि म्हणूनच की काय, मामू रजा संपायच्या कितीतरी आधीच परत आले. सोबती आपल्यापायी अडकून पडलाय म्हटल्यावर घरात घास उतरेना, म्हणे. बायकोने विमानतळापर्यंत अबोला धरला होता.

परवा कॉर्निशवर आम्ही दोघं बसलो होतो. समोरचा समुद्र आपल्या गावाला जात नाही, अशी मामूंची त्याच्याबद्दल जुनी तक्रार आहे. मी विचारलं, "मुलगी भेटली का?"

"भेटली तर. सासरहून आलेली खास माझ्यासाठी. खूप मोठी दिसायला लागलीय." मामूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "च्या करून आनला तिनं. बशीत बिस्किटं मांडून, पाव्हन्याला मांडतात तशी. आन् मला इचारते, अब्बा, साखर किती घालू?"

मी म्हणालो, "मग? किती सांगितलीत?"

"काय सांगायची?" मामू म्हणाले. "तिनं घातली तेवढी प्यालो."