घर घेतल्याचा खजूर

आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आम्ही राहायचो तेव्हा खालच्या लाँड्रीतले गुहागरकडचे काका इस्त्री करता करता ब्रिटिश चॅनेल बघायचे. केकच्या स्पर्धा, जुन्या फर्निचरचे लिलाव, विमानतळावरच्या झडत्या, सगळं आवाज बंद करून. पण नवरा-बायको घरं बघत हिंडतात तो कार्यक्रम लागला की त्यांची इस्त्री थांबायची. जोडप्याने घर घेतलं की काका गिऱ्हाइकांना खजूर वाटायचे. "खलास, घेतलं एकदाचं! वहिनी, तोंड गोड करा." नाही घेतलं, तर दिवसभर घुम्यासारखे.

एकदा त्यांनी मोबाइलवर स्वतःचं गावचं घर दाखवलं. चिऱ्याचं, नवंकोरं, दाराला कुलूप.

"मग ह्याचा खजूर कुठाय?" मी थट्टेने विचारलं.

काका हसले नाहीत. "राहायला गेलो की देईन, इन्शाल्ला."

पुढे आम्ही जुमेरा लेक टॉवर्सला गेलो. परवा त्या बाजूला गेले होते, म्हणून लाँड्रीत डोकावले. टीव्हीवर क्रिकेट, इस्त्रीवर नवाच माणूस. काकांची चौकशी केली, तर त्याने माझा जुना फ्लॅट नंबर विचारला आणि कपाटातून एक पुडा काढला.

"चाचा गांव चले गये. आपके लिए रखा है."

खजूर वाळून कडक झाला होता. मी तिथेच उभ्याने खाल्ला.